तायडे बाबूंची ‘वटवट’

वडनेर भोलजीच्या शाळेत मी कॉम्प्युटरची शिक्षिका म्हणून रुजू झाले, त्या दिवशी मला सगळ्यांत आधी कोणी रागावलं असेल तर ते ऑफिसातल्या कॉम्प्युटरने. मला त्याच्यासमोर बसवून स्वतःची माहिती भरायला सांगितलं होतं. नाव, गाव, शिक्षण सगळं भरून मी खालचं बटण दाबलं, तर पडद्याच्या मधोमध एक चौकट उगवली. ‘ओ मॅडम, रक्त नाई का अंगात? खानं काऊन रिकामं सोडलं?’ रक्तगट लिहायचा राहिला होता. मी तो निमूट लिहिला आणि पुन्हा बटण दाबलं. दुसरी चौकट आली, ‘आता कसं! जा, चाय पेऊन या.’

मी वळून पाहिलं. पलीकडच्या टेबलामागे एक जाडजूड, सावळे गृहस्थ सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळत बसले होते आणि आवाज न करता नुसतं पोट हलवून हसत होते. हे आमचे हेडक्लार्क, प्रल्हाद तायडे. अख्खं गाव त्यांना तायडे बाबू म्हणायचं. “घाबरल्या का मॅडम?” ते म्हणाले, “काई नाई, थो म्याच हाय. आतमंधी बसेल राह्यतो.”

ते आत बसलेले असत ही गोष्ट खरीच होती. तायडे बाबूंना मॅक्रोचा नाद होता. मॅक्रो म्हणजे कॉम्प्युटरला एकदा करून दाखवलेलं काम त्याने पुढे आपलं आपण करत राहणं. बाबू त्याला ‘वळन’ म्हणत. “पोराले वळन लावते ना मानूस, तसं म्या याले लावलं. पोरगं आयकते, पन वळन माह्यं हाय, म्हून तोंडानं फाटकं हाय.” दाखले, हजेरी, निकाल, शाळेच्या सगळ्या कामांत त्यांनी असं वळण लावून ठेवलं होतं आणि प्रत्येक ठिकाणी ते स्वतः दबा धरून होते. गणिताच्या सरांकडून एकदा शंभरापैकी एकशे दहा गुण भरले गेले. चौकट आली, ‘सर, पेपर पोट्ट्यानं बी लेहला अन् तुमी बी लेहला का?’ सर दोन दिवस ऑफिसात फिरकले नाहीत.

मी रीतसर शिकून आले होते. त्यांचं वळण आतून उघडून पाहिलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. जिथे बेरीज साठत जायची त्या जागेचं नाव त्यांनी ठेवलं होतं ‘साळा’, कारण “खातच राह्यते, भरतच नाई.” एकेका ओळीवरून खाली उतरणाऱ्या मोजणीचं नाव ‘म्हातारी’. अर्धं कुठूनतरी उचलून चिकटवलेलं, अर्धं का चालतं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मला गप्प बसता येत नाही, मी तसं तोंडावर सांगितलं. बाबू जराही ओशाळले नाहीत. “चालते ना? मंग? घरचे मानसं हायेत थे, त्याइले हात लावू नोका.” आपल्याइतका मॅक्रोवाला नांदुरा तालुक्यात नाही, असं ते कोणी न विचारताही सांगत.

मी लोणारची. आमच्याकडची बोली जालन्याकडे झुकते. आम्ही ‘मला’ म्हणतो, वडनेरात ‘मले’ म्हणतात. आम्ही ‘व्हय’ म्हणतो, ते ‘हाव’ म्हणतात. एवढ्यावर बाबूंनी माझी वर्षानुवर्षं थट्टा केली. “तुमच्या तळ्याचं पानीच खारं, जबान कुठून गोड होईन?” एकदा मी चिडून विचारलं की ‘मला’त वाईट काय आहे. ते म्हणाले, “वाईट काई नाई. पन ‘मला’ म्हटलं का मानूस कचेरीत उभा राहून मांगते असं वाटते. ‘मले’ म्हटलं का घरात बसून मांगते.” मीही हट्टाने कधी ‘हाव’ म्हटलं नाही. ते वाट पाहायचे.

त्यांच्याच गल्लीत मी खोली घेतली होती. शनिवारी शाळा सुटली की लोणारला जाण्यासाठी मी एसटी धरायचे. बाबू आणि त्यांच्या पत्नी शोभाबाई दारात असायचे. मी “येते” म्हणायचे आणि बाबू म्हणायचे, “येजा मॅडम.” पुढे मला ताप आला, शोभाबाईंनी आठवडाभर मला त्यांच्याकडे ठेवून भाकर आणि वरणाचं पाणी भरवलं, आणि त्यानंतरच्या शनिवारी बाबूंच्या तोंडून परक्याला म्हणायच्या ‘येजा’ऐवजी आपोआप ‘येजो’ निघालं. वऱ्हाडीत ‘येजो’ म्हणजे नुसतं ‘ये’ नव्हे. आत्ता जा, पण नंतर ये, एवढं सगळं त्या एका शब्दात असतं. निघणारा, बाई असली तरी, ‘येतो’ म्हणतो आणि घरचा माणूस ‘येजो’ म्हणतो. मी मॅडमची घरची झाल्याचं मला त्या दिवशी कळलं.

त्यांचा आवाज कसा होता ते मला नीट सांगता यायचं नाही. मोठा नव्हता, भरदार होता, आणि वाक्याच्या शेवटी थोडा वर चढायचा, त्यामुळे ऐकणाऱ्याला पुढचं वाक्य येणार म्हणून थांबावंच लागायचं. महामार्गावरच्या टपरीवर ते बोलायला बसले की लोकांचा चहा गार व्हायचा. घरी शोभाबाई दिवसातून कितीदा तरी म्हणायच्या, “बंद करा थे वटवट. कान पिकले माह्ये.” आणि बाबू कामानिमित्त कुठे मुक्कामाला गेले की याच शोभाबाई संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन बसायच्या. “घर कसं भकास वाटून राह्यलं,” म्हणायच्या.

मग तो आवाज बसला. पहिल्यांदा सगळ्यांनी हवेवर ढकललं, मग खर्ऱ्यावर. गुळण्या झाल्या, काढे झाले. अकोल्याच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. तिथून आल्यावर बाबू स्टाफरूममध्ये उभे राहिले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, “नरड्यातला बोलाचा डबा काढून टाकनार हायेत.”  मग म्हणाले, “मजा हाय बाप्पा आता तुमची सगळ्याइची.” कोणी हसलं नाही. ते मात्र हसले आणि मला खुणेने बाहेर बोलावून म्हणाले, “तो कानाले लावाचा माइक हाय ना तुह्याजोळ? दोन दिवस दे मले.”

दवाखान्यातून त्यांना चित्रांचं एक कार्ड मिळालं होतं. पाण्याचा पेला, ताट, गोळी, बिछाना. ज्याची गरज त्यावर बोट ठेवायचं. बाबूंनी ते माझ्या टेबलावर टाकलं. “पानी, भाकर, गोळी. एवढं त बैल बी सांगते न बोलता. मी एवढंच बोलतो का?” ऑपरेशनला जायच्या आधी ते रोज कॉम्प्युटरच्या खोलीत बसून स्वतःचं बोलणं साठवत राहिले. ‘जय भीम.’ ‘कोन बोलून राह्यलं बे?’ ‘भाजी बेस झाली, शोभा.’ ‘भाजीले काई चव नाई, शोभा.’ ‘मंग? पुढं काय झालं?’ ‘उगाच बसेल हाव.’ नुसतं ‘हाव’ त्यांनी कितीतरी तऱ्हांनी म्हटलं. पटलेलं ‘हाव’, न पटलेलं ‘हाव’, आता पुरे कर असं सांगणारं ‘हाव’. मी शेजारी बसून तुकडे कापत होते. मधूनमधून मला पाणी प्यायला बाहेर जावं लागे.

‘येजो’ काही त्यांच्या मनासारखं होईना. “हे कोरडं झालं,” म्हणत ते पुसायला लावायचे. शेवटी ते घरी गेले आणि शोभाबाईंना शाळेत घेऊन आले. त्यांना खोलीच्या दारात उभं केलं आणि म्हणाले, “आता तू घरी जाय.” शोभाबाई भांबावल्या. “यायचं कायले मंग इतक्या दूर?” पण बाबूंच्या तोंडाकडे पाहून त्या काय ते समजल्या, पदर तोंडाला लावून वळल्या आणि चालू लागल्या. बाबूंनी माइक ओठांशी धरला आणि म्हटलं, “येजो.” त्या तुकड्यात शोभाबाईंच्या चपलांचा आवाजही आला आहे. मी तो कापला नाही.

या सगळ्या तुकड्यांना त्यांनी आपल्या लॅपटॉपवरच्या एका फाईलमध्ये बसवलं. प्रत्येक वाक्याचं एक बटण. बटण दाबलं की मॅक्रोने ते वाक्य वाजवायचं. नेहमीची मंडळी आली की त्यांच्या नावाचं बटण, त्याला जोडून हवं ते वाक्य. ‘रामभाऊ’ आणि ‘चाय पेता का?’ मिळून रामभाऊंना चहा विचारला जायचा. फाईलचं नाव त्यांनी ठेवलं ‘वटवट’. शोभाबाईंना ते वाचून दाखवलं तेव्हा त्या हसल्या आणि मग उठून आत गेल्या.

ऑपरेशननंतर बाबू घरी आले ते गळ्याला पांढरं फडकं बांधून. पण बगलेत लॅपटॉप होता, आणि त्यामुळे माणूस मूळचाच राहिला. टपरीवर पुन्हा बैठक बसली. त्यांची बोटं त्या बटणांवरून इतकी सराईत फिरायची की समोरच्याला पुढचं वाक्य येणार म्हणून आताही थांबावं लागे. चुकाही व्हायच्या. बँकेत साहेबांनी काही विचारलं आणि बाबूंचं बोट घसरून ‘काई चव नाई, शोभा’ वाजलं. सगळी बँक हसली, बाबूही पोट हलवून हसले. घरात तर भांडणंदेखील व्हायची. शोभाबाई एका दमात दहा वाक्यं बोलायच्या आणि बाबू शांतपणे ते पुरे कर असं सांगणारं ‘हाव’ दाबायचे. “मुडदा बशिवला त्या डब्याचा!” शोभाबाई ओरडायच्या, आणि त्या घरातून हसण्याचा आवाज गल्लीत यायचा. तोपर्यंत बाबू निवृत्त झाले होते. मला वाटायचं, निभलं.

एक दिवस तो लॅपटॉप उघडलाच नाही. जुनाच होता, बरीच वर्षं चालला होता. खामगावच्या दुरुस्तीवाल्याने आतल्या फायली तेवढ्या काढून दिल्या. बाबूंची मुलगी सुजाता पुण्यात नोकरीला आहे. तिने धावत येऊन नवा लॅपटॉप आणला, आणि त्यावर आजकाल असतं तसं फुकटचं ‘ऑफिस’, म्हणजे फायली उघडायचं सॉफ्टवेअर, होतं. आम्ही ‘वटवट’ उघडली. फाईल उघडली, बटणं दिसली, त्यांच्यावरची नावंही जिथल्या तिथे. बाबूंनी मोठ्या उत्साहाने ‘जय भीम’ दाबलं. काही वाजलं नाही. इंग्रजीत दोन ओळींची चूक आली. त्यांनी पुन्हा दाबलं. मग एकेक करून सगळी बटणं दाबत गेले. शोभाबाई विचारत होत्या, “काय झालं? आवाज कमी हाय का?” बाबूंनी माझ्याकडे पाहिलं. मॅक्रोबद्दल त्यांनी माझ्याकडे तसं कधीच पाहिलं नव्हतं.

मी त्यांना समजावून सांगितलं. मॅक्रो लिहिण्याची भाषा जुन्या आणि नव्या दोन्ही ऑफिसांची जवळजवळ एकच, पण बोली वेगळी. बेरजा-वजाबाक्या नवं ऑफिस समजून घेतं, पण आवाज वाजवण्यासाठी बाबूंनी जुन्या कॉम्प्युटरच्या पोटातली एक सोय वापरली होती, ती इथे नाहीच. बाबूंनी फोनवर टाईप करून मला दाखवलं, ‘म्हंजे मी मले म्हनतो अन् त्याले मलाच समजते.’ मी म्हटलं, तसंच. ‘लोणारचं हाय का हे ऑफिस?’ त्यांनी लिहिलं. थट्टेची वेळ नव्हती, पण तशी वेळ त्यांनी कधीच पाळली नाही.

जुनं ऑफिस पुन्हा घालता आलं नाही. ते शाळेत कोणीतरी कधीतरी बाबूंच्या लॅपटॉपवर घालून दिलेलं होतं आणि नव्या यंत्राने ते घेतलं नाही. सुजाता म्हणाली, “मॅडम, आता हे मॅक्रो-बिक्रो सगळं संपलं. सगळं वेबवर गेलं.” तिचं चुकत नव्हतं. शाळेतही बाबूंच्या फायली केव्हाच बंद झाल्या होत्या. आता सगळी माहिती वेबवर भरावी लागते. रकाना राहिला की लाल अक्षरांत येतं, ‘कृपया आवश्यक माहिती भरा.’ मला ते दिसलं की उगाच राग यायचा.

मी ‘वटवट’ नव्या बोलीत लिहायला बसले. शाळा सुटली की तेच. बाबूंच्या वळणाच्या गुंत्यात मला पावलोपावली त्यांची मंडळी भेटायची. इथे साळा, तिथे म्हातारी. पूर्वी मी त्यांना हसले असते. आता एकेकाला हात धरून पलीकडे न्यायचं होतं आणि कोणी यायला तयार नव्हतं. एक बटण बोलायला लागलं की दुसरं मुकं व्हायचं. नावाला वाक्य जोडायचं तर मला शेवटपर्यंत जमलंच नाही. रामभाऊंचं नाव एकदा वाजलं की वाजतच राहायचं. अखेर जोडणी सोडून देऊन साधी बटणं तेवढी मी चालती केली. बाबूंच्या घरी जाऊन ‘भाजी बेस झाली, शोभा’ दाबलं आणि तो आवाज घरात घुमला, तेव्हा शोभाबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते.

ती खुशी टिकली नाही. फाईल उघडताना ते ऑफिस दर वेळी एक सूचना द्यायचं की या फाईलमध्ये मॅक्रो आहेत, ते धोक्याचे असू शकतात, चालू द्यायचे का? बाबूंनी ती वाचून फोनवर लिहिलं, ‘माह्यं बोलनं धोक्याचं हाय म्हनते हे.’ आणि पोट हलवून हसले. पण बाबू झोपलेले असताना कोणी फाईल उघडून ठेवली, घाईत नको ते बटण दाबलं गेलं, की सगळं मुकं. मी त्या सूचनेचा बंदोबस्त केला, तर पुढे ऑफिसने आपलं आपण नवं रूप घेतलं आणि माझा बंदोबस्त गेला. मी पुन्हा केला. पुन्हा तेच. आजार परत आल्याचं त्याच सुमाराला कळलं. आता बाबूंना बसवत नव्हतं आणि लॅपटॉपचं ओझं छातीवर सोसत नव्हतं.

सुजाताने टॅबलेट आणला. हलका, पडल्यापडल्या धरता येणारा. त्यावर ‘वटवट’ उघडायची, पण बटणं नुसती चित्रं. टॅबलेटवर मॅक्रो चालतच नाहीत. मी सगळे तुकडे फोनमध्ये भरून दिले, पण ती इतकी लांब रांग झाली की हवं ते वाक्य सापडेपर्यंत बोलणं पुढे निघून जायचं. बाबूंनी तो नाद सोडला. मग सुजाताने वेबवरचं एक अ‍ॅप लावून दिलं. आपण लिहायचं, ते बोलतं. तिने फार शोधून ते निवडलं होतं. स्वतःचा आवाज चढवायची सोय त्यात होती, पण मराठीसाठी नव्हती. मराठीला एकच आवाज होता, स्वच्छ, गोड, पुण्याकडचा. आणि लिहिलेलं ते आधी शुद्ध करून घ्यायचं, मगच बोलायचं. ती खोड बंद करायचं बटण मी शोधशोध शोधलं. सुजाताने कंपनीला लिहिलं. तुमची सूचना आमच्यासाठी मोलाची आहे, एवढं उत्तर आलं.

बाबू लिहायचे ‘मले पानी दे’ आणि टॅबलेट म्हणायचा, “मला पाणी दे.” पहिल्यांदा तो बोलला तेव्हा शोभाबाईंनी चटकन डोक्यावरून पदर घेतला. घरात कोणी परका पुरुष, कोणी साहेब आल्यासारखा. पाणी आणून दिलं तेही अदबीने, दोन्ही हातांनी. पुढेपुढे त्यांना कळत होतं की हे बाबूच बोलतात, पण तो आवाज आला की हात आपोआप पदराकडे जायचा. शोभाबाई त्या आवाजाशी भांडायच्या नाहीत. “हो, आनतो जी,” एवढंच. एकदा माझ्याजवळ रडवेल्या होऊन म्हणाल्या, “बाई, ह्या मानसासंग कसं बोलू वो मी? हे कोन हाय?” बाबूंनी ते ऐकलं. डोळे मिटून घेतले.

ते अ‍ॅप आपल्याला न कळणाऱ्या शब्दाच्या जागी जवळचा ओळखीचा शब्द घालायचं. एक दिवस मला जायला उशीर झाला. बाबूंनी लिहिलं, ‘काऊन नाई आली?’ टॅबलेट गोड आवाजात म्हणाला, “काकू नाही आली?” शोभाबाई गोंधळून विचारत राहिल्या, कोणती काकू, जळगावची का संग्रामपूरची, निरोप धाडू का. बाबू मान हलवत होते, पुन्हा लिहीत होते, पुन्हा काकूच येत होती. मी पोचले तेव्हा शोभाबाई खरोखर संग्रामपूरला फोन लावत होत्या. सगळं कळल्यावर आम्ही तिघंही हसलो. बाबूंचं हसणं आता पोटापर्यंत जात नव्हतं.

शनिवारी मी लोणारला निघाले. दारातून मागे वळून म्हटलं, “येते बाबू.” त्यांनी टॅबलेटवर सावकाश बोट फिरवलं. टॅबलेट म्हणाला, “येतो.” बाबूंनी कपाळाला आठी घातली, पुसलं, पुन्हा लिहिलं. “येतो.” तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा त्यांनी तो टॅबलेट गादीवर आपटला. माझ्याकडे पाहून त्यांनी ओठ हलवले. आधी ओठ फाकवले, मग पुढे काढून गोल केले. आवाज नव्हताच. मी म्हटलं, “कळलं बाबू, कळलं. येते मी.” एसटीत बसल्यावर वाटलं, जागेवरून उठून परत जावं. पण जाऊन तरी मी काय करणार होते?

सोमवारी परतले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी चपलांची गर्दी दिसली. बाबू सकाळीच गेले होते. सुजाता वाटेत होती. शोभाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, येणाऱ्या प्रत्येकीला एकच गोष्ट सांगत होत्या. सकाळी त्या दूध आणायला निघाल्या. बाबू जागे होते. त्यांनी त्या डब्यावर काही लिहिलं आणि तो डबा म्हणाला, “येतो.” शोभाबाई म्हणाल्या, “कुठी जाता तुमी झोपल्या जागेवरून?” आणि हसून गेल्या. दूध घेऊन आल्या तोवर सगळं संपलं होतं. “सांगून गेले माय,” त्या म्हणत होत्या. “जिंदगीभर मीच ‘येतो’ म्हनून निघो, अन् ते ‘येजो’ म्हनत. आज मले सांगून गेले. न सांगता नाई गेले.”

बायका डोळे पुसत होत्या. मी उंबऱ्याशी उभी होते आणि मला शनिवारी याच दारात तीनदा ऐकलेलं ते ‘येतो’ आठवलं.

बौद्ध रीतीने पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, सुजाताही बाबूंचा फोन आणि लॅपटॉप घेऊन पुण्याला परतली. मी संध्याकाळी शोभाबाईंजवळ जाऊन बसायला लागले. एक दिवस शोभाबाईंनी अचानक विचारलं, “बाई, तुमाले मशीनीतलं कळते. ते शेजारची म्हनते का थो डबा आपल्या मनानंच काईबाई बोलते. ते ‘येतो’च म्हनले ना? त्याइनंच लेहलं व्हतं ना?” त्यांनी माझा हात धरला होता. माझ्या फोनमध्ये त्या घटकेला बाबूंचं ‘येजो’ होतं, चपलांच्या आवाजासकट. ते अजूनही आहे. त्यांना ते ऐकवलं तर बाबूंचा आवाज त्यांना परत मिळेल, पण बाबूंनी त्या सकाळी लिहिलं असेल ते हेच, हे कळून ‘येतो’ जाईल. न ऐकवलं तर ‘येतो’ राहील आणि आवाज माझ्याकडेच पडून राहील. यातलं काय करावं, हे मला आजही ठरवता येत नाही.

मी म्हटलं, “हाव. बाबूच म्हणाले.”

शोभाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत माझ्या तोंडून तो शब्द त्यांनी पहिल्यांदा ऐकला होता. त्यांनी माझा हात सोडला आणि पदराने तोंड पुसलं.  मग अंधारून आलं म्हणून मी उठले, चपला घातल्या आणि दारातून म्हटलं, “येते.”

“येजो,” शोभाबाई म्हणाल्या.